अंग धरण्याचा नवस

संत्र्याच्या गाड्या रस्त्याला लागल्या की मला घरात बसवत नाही. शेंदूरजनाघाटाकडचा माल अमरावतीत उतरतो, चौकाचौकांत ढीग लागतात, सकाळच्या हवेत सालीचा तो डोळ्यांत जाणारा वास असतो, आणि शहाणी माणसं दुलईतून नाकही बाहेर काढत नाहीत. मी मात्र गच्चीवर फेऱ्या मारत असते. खाली येते, दूध तापायला ठेवते आणि ते वर येईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून टाचा उचलते, टेकवते, उचलते. दात घासताना चालते, केस विंचरताना चालते. एस.टी.त खिडकीची जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभी राहते, आणि कंडक्टर म्हणतो, बसा ना बाई, तिकीट तेवढंच लागते. आमचे हे तर सगळ्यांना सांगतात की लग्न केलं तेव्हा बायको आणली होती, आता घरात वारा शिरला आहे.

तर यंदाही संत्री आली, बोरं आली आणि माझी ही भिरभिर सुरू झाली. फरक इतकाच की यंदा तिचं कारण मला ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात ते मला कळलं. कळलं म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं ते माझ्या पदरात टाकलं, आणि तेही चारचौघांत, वावरात, रोडग्यांच्या धुरात.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. मी जाडी होते. भरल्या अंगाची, खात्यापित्या घरची, तब्येतीनं बरी, हे सगळे शब्द लोकांनी माझ्यासाठी वापरून झालेत, मला ते नकोत. जाडी. एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. तिथं शिपायानं माझ्यासाठी बिनहातांची खुर्ची शोधून आणली होती, कारण हातांची खुर्ची मी उठले की माझ्यासोबत उठायची. पोरं हसत, मीही हसायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायची. कुणी वरच्या फळीवरचं पुस्तक मागितलं की उद्या ये म्हणायची. उद्या म्हणजे शिपाई रजेवरून येईल तेव्हा. मग एक दिवस वाचनालयाचा जिना चढताना अशी धाप लागली की कठडा धरून मी पायरीवरच बसले, आणि मनात आलं, झालं, आपण इथंच पुस्तकांच्या दारात जाणार. डॉक्टरांनी गुडघ्यांचं, रक्तदाबाचं, साखरेचं सगळं सांगितलं, आणि मग चष्मा काढून अगदी साधेपणानं विचारलं की अजून किती वर्षं काढायचा विचार आहे. ते मात्र डोक्यात बसलं.

पुढं मी काय काय केलं ते सांगत नाही. ज्यानं केलं त्याला ते ठाऊक आहे, आणि ज्यानं नाही केलं त्याला ऐकून कंटाळा येतो. चालले, रडले, उपाशी राहिले, मग उपाशी राहणं मूर्खपणाचं आहे हे कळून नीट खायला शिकले, पुन्हा चालले. दोन वर्षांत एका चांगल्या वाढलेल्या पोराच्या वजनाइतकं अंग माझ्यावरून उतरलं. वाटलं, सुटले बाई. पण वजन उतरलं की गोष्ट संपते, हे साफ खोटं आहे. उतरलेलं वजन कुठं जात नाही. ते फाटकापाशी उभं राहतं आणि तुम्ही जरा टेकलात की आत येऊ का म्हणून विचारतं. निदान मला तरी तसं वाटतं. म्हणून मी टेकतच नाही.

सकाळी वडाळी तलावाकडं आम्ही दोघी जातो, मी आणि तायडे मॅडम. मॅडम शाळेतून निवृत्त झाल्यात, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, चालीनं संथ आणि तोंडानं फटकळ. तलाव दिसला की त्यांना थांबायचं असतं, पाण्यावरची पाखरं बघायची असतात. मला थांबवत नाही. त्या पाखरं बघतात आणि मी त्यांच्याभोवती फिरते. एकदा त्यांनी मला सुनावलं की फेऱ्या घालायला त्या काही वडाचं झाड नव्हेत, नवऱ्याचं आयुष्य वाढवायचं असेल तर घरी जाऊन त्यांच्याभोवती फिरावं. मला हसू आलं, पण हसता हसता पाय चालूच होते.

आणि एक गैरसमज लोकांच्या डोक्यातून काढून टाकला पाहिजे. मी मन मारून जगत नाही. खाण्याची माझी हौस तसूभरही कमी झालेली नाही, उलट आता मी जास्त लाडानं खाते. पूर्वी किलोभर जिलबी येता-जाता कशी संपायची, मला आठवतसुद्धा नाही. आता एक संत्रं खायचं तर मी त्याचा सोहळा करते. सोलायचं, एकेका फोडीचं पांढरं सोडवायचं, बिया काढायच्या, ताटलीत फोडी सुट्या पसरायच्या आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवून द्यायच्या. दुपारी त्या कडक झालेल्या असतात. एक फोड जिभेवर ठेवली की आधी नुसता गारठा, मग हळूच आंबट, आणि शेवटी गोड. ते गोड यायला वेळ लागतो म्हणून ते जास्त गोड लागतं. ज्वारीच्या लाह्यांना मी चमचाभर तेलात हिंग-हळदीची फोडणी देते, वरून सांभार, म्हणजे आमची कोथिंबीर, आणि लिंबू. बोरं मिठाच्या पाण्यात उकडते, शाळेच्या फाटकापाशी म्हातारी विकायची तशी. कोवळ्या हरभऱ्याची पानं आली की घोळाणा: पानं, पातीचा कांदा, टमाटर, ठेचलेली मिरची, नावापुरता दाण्याचा कूट, सगळं हातानं कुस्करायचं. तो आंबूस तिखटपणा नाकात जातो तेव्हा मला कुठल्याही श्रीखंडाची आठवण येत नाही. शपथेवर सांगते.

आता खोड कुठं आहे ती सांगते. हे सगळं मी उभ्यानं खाते. कपाटांच्या दोन रांगांच्या मधे उभी राहून डबा उघडते, एक घास घेते, पुस्तक जागेवर लावते, दुसरा घास घेते. आणि खाऊन झालं की जे खाल्लं ते कुठं तरी खर्ची पडलं पाहिजे म्हणून लगेच निघते. लाह्या खाल्ल्या तरी निघते. लाह्यांत काय असतं हो, हवाच की. तरी निघते.

वऱ्हाडात बारीक माणसाची मोठी पंचाईत असते. जाड माणसाला कुणी काही विचारत नाही, त्याच्या पानात अजून एक पुरणाची पोळी पडते आणि वर तुपाची धार. बारीक झालेल्याला मात्र सगळे विचारतात. अकोल्यात एका लग्नात मला एका मावशींनी बाजूला घेऊन शुगर निघाली का म्हणून विचारलं. नाही म्हटलं तर त्यांचं तोंड अजूनच उतरलं, कारण शुगर नाही म्हणजे मग ते दुसरं काही तरी. दुसऱ्या एकीनं नागपूरच्या दवाखान्याचा पत्ता देऊ केला. तिसरीनं माझा हात हातात घेऊन नुसताच दाबला. मी त्यांना सांगत होते की मी हे मुद्दाम केलंय, मेहनतीनं केलंय, आणि त्या मान हलवत होत्या, रोग्याचं मन राखायला हलवतात तशी. मला इतका संताप आला की मंडपाला दोन चकरा मारून आले.

माझी ताई मात्र काही विचारत नव्हती. पुष्पाताई माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचं सासर पातूरजवळच्या एका गावात आहे. भाजीपाला आणि झेंडू, हा त्यांचा पिढीजात धंदा. भाऊजी पहाटे माल घेऊन अकोल्याच्या बाजारात जातात, ताई वावर सांभाळते. आमची आई गेली तेव्हा मी लहान होते, ताई लग्नाच्या वयाची. तिनं माझी वेणी घातली, मला शाळेत सोडलं, माझं लग्न लावून दिलं, आणि या सगळ्यात मला जेवू घातलं. तिच्या हातचं खाऊन मी वाढले, आणि फार वाढले, असं मी गमतीनं म्हणायची. बारीक झाल्यावर मी तिच्याकडं पहिल्यांदा गेले, तेव्हा ती दारात उभी राहून माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग आत गेली आणि बराच वेळ चुलीपाशी काही तरी करत राहिली. मला वाटलं, रागावली. विचारायची हिंमत झाली नाही.

मग मागची दिवाळी आली. दिवाळीच्या तोंडावर माझा पाय मुरगळला. डॉक्टरांनी पाय वर ठेवून पडून राहायला सांगितलं, आणि घरात चकल्या, अनारसे, शेव. मी पडून होते आणि खात होते. म्हणजे फार नाही, पण माझ्यातल्या पूर्वीच्या बाईनं डबा उघडून हात घातलाच. पाय बरा झाला, काट्यावर उभी राहिले, तर चार किलो वाढले होते. चार किलो म्हणजे काय मोठंसं, असं लोक म्हणतात. ज्यानं इतकं उतरवलं त्याला विचारा. मला तर फाटक उघडल्याचा आवाजच ऐकू आला. झोप उडाली. सकाळी चालायची, संध्याकाळी चालायची, जेवणानंतर गच्चीवर, सुटीत मालटेकडी चढायची. सलवारीची नाडी बांधताना रोज तीच धडकी. काही केल्या काटा खाली येईना.

त्याच दिवसांत ताई एका कामाला अमरावतीला आली. दारातच तिनं माझे दोन्ही गाल हातांत धरले. तिचे हात झेंडूच्या वासाचे, खरखरीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. अंगाले लागलं जरासं, असं ती दोनदा म्हणाली, आणि मी आतल्या आत मेले. जेवताना तिनं ठरवूनच टाकलं की येत्या रविवारी वावरात रोडगे करायचे, आणि मी यायचंच. मला त्यात वावगं दिसलं नाही. थंडीत वांगी निघाली, तुरीच्या ओल्या शेंगा आल्या की आमच्याकडं वावरावावरांत रोडगे लागतात, त्याला निमित्त लागत नाही.

निघताना मी पिशवीत लाह्यांचा डबा घातला. रोडग्यांच्या पंगतीला लाह्या घेऊन जाणारी अख्ख्या वऱ्हाडात मी पहिलीच बाई असेन. पातूरला उतरले तेव्हा भाऊजी मोटारसायकल घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडं पिशवी दिली आणि वावरापर्यंत चालत गेले. त्यांनी गाडी माझ्यासोबत चालण्याच्या वेगानं चालवली, सगळा रस्ता, बिचाऱ्यांनी.

वावराचं काय सांगू. झेंडूचा पट्टा अजून फुललेला होता, पलीकडं वांगी, बांधावर तूर. गोवऱ्यांचा मोठा ढीग पेटवून त्याचा आर झालेला, वर राखेची पांढरी साय. जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे, म्हणजेच रोडगे, त्या आरात पुरले होते, आणि तीन दगडांवरच्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. तो वास मला पोटातून ओढत होता. खोटं कशाला बोलू, रोडगा हातानं फोडून त्यावर तूप सोडलं आणि वरण घातलं तर मी त्याच्यासाठी मैलभर चालेन. पण एक खाल्ला की दुसरा पानात पडणार, नको म्हटलं की वाढणाऱ्याचा हात तसाच राहणार आणि सगळी पंगत बघणार. म्हणून मी बसण्याची पाळीच येऊ द्यायची नाही असं ठरवलं. पाणी आणलं, सांभार खुडून आणला, शेळी हाकलली, पत्रावळी पुसल्या. दर पाच मिनिटांनी कुणी तरी म्हणत होतं, बस व नंदे. मी बसते, बसते म्हणत पुढच्या कामाला जात होते.

भाऊजी आरातून रोडगे काढून फडक्यानं राख झटकत होते. काही रोडगे त्यांनी वेगळे काढून टोपल्यात ठेवले. मी विचारलं, हे कुणाचे. त्यांनी वरही न बघता सांगितलं की हे देवाचे, तुझ्या नवसाचे. माझ्या? मग त्यांनी सगळं सांगितलं, सांगायचं नसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी बारीक होऊन पहिल्यांदा आले होते ना, त्याच आठवड्यात ताई गावाजवळच्या टेकडीखाली गेली होती. वरच्या महादेवापर्यंत तिला गुडघ्यांमुळं चढवत नाही, म्हणून तिनं पायथ्याशी उभं राहूनच हात जोडले होते. माझ्या बहिणीले अंग धरू दे, तुले रोडगे चढवीन. आणि आता देवानं ऐकलं होतं. गाल भरले होते.

ज्या चार किलोंनी माझी झोप उडवली होती, ते माझ्या बहिणीनं देवाकडून मागून घेतले होते. मी उन्हातान्हात चालत होते आणि ती पातूरला बसून मला उलटं ओढत होती. मला हसावं की रडावं कळेना, आणि या दोन्हींच्या आधी मला राग आला. माझा राग वाईट. ताई पाटावर बसून तुपाची कासंडी गरम करत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि एरवी कॉलेजात पुस्तकी बोलणारी मी, सरळ माहेरच्या बोलीवर आले.

"मी जाडी होती तवा मरून राहिली होती, ताई. तवा नाई बोलली तू नवस. आता कुठं जगून राहिली, तं मले पुन्हा तशी कराले तू देवाले रोडगे देऊन राहिली?"

ताईनं कासंडी खाली उतरवली, आर जरा सारला. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल. ती नुसती बसून राहिली. मग भाऊजींनीच तोंड उघडलं. झालं ते झालं, म्हणाले, पण बोललेला नवस फेडावा लागते, देवाले ताटकळत ठेवता येत नाही. आणि त्यांच्याकडची रीत अशी की ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच टोपलं डोक्यावर घेऊन चढायचं, अनवाणी, मधे टोपलं टेकवायचं नाही आणि मधे बसायचं नाही. ताई तेव्हा घाईनं म्हणाली की तिले नाही जमणार, तुमीच न्या, देव समजून घेईन. तिच्या आवाजात अशी काळजी होती की मला अजून चेव आला. मी टोपलं उचललं, डोक्यावर ठेवलं, चपला काढल्या आणि चालू पडले.

त्या टेकडीची आणि माझी जुनी ओळख. ताईच्या लग्नानंतर आम्ही सगळे कितीदा तरी तिथं गेलो होतो. सगळे वर जायचे आणि मी खाली चपला राखायची. कुणी मला चल म्हणायचं नाही, मी म्हणायची नाही, सगळ्यांचं तसं ठरूनच गेलं होतं. आता पायाखाली खडे टोचत होते, काटे होते, टोपल्यातून गरम रोडग्यांची ऊब टाळूला लागत होती. मी एका दमात निम्म्यावर गेले. राग असला की माणूस चांगला चढतो. निम्म्यावर राग संपला, आणि मग मला आई आठवली.

मला आईचं फार थोडं आठवतं. बांगड्या आठवतात. हात वर केला की त्या मनगटापासून थेट कोपरापर्यंत घसरत यायच्या, आणि मला ते गमतीचं वाटायचं, मी तिला पुन्हा पुन्हा हात वर करायला लावायची. एका हिवाळ्यात ती वाळत गेली आणि संपली. मला बाहेर खेळायला पाठवत. ताई आत असायची. ताईनं काय काय पाहिलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. तिच्या दारात मी पहिल्यांदा बारीक होऊन उभी राहिले, तेव्हा तिला कोण दिसलं असेल हे त्या चढावर माझ्या ध्यानात आलं. डोक्यावर टोपलं होतं म्हणून डोळेही पुसता येईनात.

वर फक्त एक पिंड, दगडांचा चौथरा, वारा. टोपलं ठेवलं. खाली झेंडूचा पट्टा दिसत होता, धूर दिसत होता, आणि माणसं ओळखू येण्याइतकी जवळ नव्हती. इथं कुणी आग्रह करणार नव्हतं, कुणी वाढणार नव्हतं, वजनाचा काटा नव्हता, आरसा नव्हता. चौथऱ्यावर सावली होती. चढून आले होते, बसायचा हक्क होता. आणि मी त्या पिंडीभोवती येरझारा घालत होते. प्रदक्षिणा म्हणावी तर ती नव्हती. पाय थांबत नव्हते, इतकंच. देवाकडं काय मागावं तेही सुचेना. अंग धरू दे म्हणवत नव्हतं, नको धरू देऊ म्हणायची तिथं लाज वाटत होती. तशीच उतरले.

ताई पायथ्याशी आली होती. वावरापासून तिथवर, त्या गुडघ्यांनी. डोळ्यांवर हात धरून उभी होती आणि भाऊजी म्हणाले की मी दिसेनाशी झाल्यापासून ती तशीच उभी आहे. मी जवळ गेले तर तिनं आधी माझ्या पाठीवर पंजा टेकवला. दम बघत होती. बराच वेळ तिनं हात काढला नाही. मग मघाशी जे उत्तर दिलं नव्हतं ते दिलं.

"तवा काहून नाई बोलली, इचारलं ना तुनं? तवा तू हासत होती, नंदे. बसत होती. आली की तास तास उठत नोती माह्यापासून. मायनं शेवटी बसणं सोडलं होतं. खाटीवर टेके आन् उठे, टेके आन् उठे, तिले कुठंच चैन नोती. तुले पाहून मले तेच दिसते. मले वाटलं, रोग हाये." तिनं माझ्या पाठीवरचा हात उचलला. "आता तू डोंगर चढून आली, तुले दम नाई. म्हंजे रोग नाई. मंग तू बसत काहून नाई?"

इतकी वर्षं लोकांनी मला काय काय विचारलं होतं. काय खाता, किती चालता, कुठला डॉक्टर, शुगर तर नाही. हे कुणी विचारलं नव्हतं. मला भीती वाटते, असं मी सांगितलं. बसले तर पुन्हा तशीच होईन. एवढंच बोलले आणि रडायला लागले, पदराचं टोक तोंडात कोंबून, चांगली पन्नाशीची बाई. ताईनं मला गप्प केलं नाही. मंग मी चुकीचंच मागतलं म्हणायचं, असं ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलली.

पंगतीत तिनं मला शेजारी बसवलं. एक रोडगा घेतला, फोडला, अर्धा माझ्या पानात ठेवला, अर्धा तिनं स्वतः घेतला. वाढणारा पुढं आला तर तिनं माझ्या पानावर आडवा हात धरला. त्या आग्रहाच्या मुलखात माझ्यासाठी कुणी असा आडवा हात धरेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो अर्धा रोडगा मी वांग्याच्या भाजीशी सावकाश खाल्ला, राखेची किंचित कचकच दाताखाली, आणि इतकं चवदार मी कित्येक महिन्यांत काही खाल्लं नव्हतं. माझ्या लाह्यांचा डबा फिरला. चिमण्यायचं खाणं म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली आणि डबा रिकामा परत आला. पायाला मुंग्या आल्या होत्या, गुडघे हलत होते, दोनदा मी उठायला गेले. ताईनं काही न बोलता माझ्या मांडीवर हात ठेवला. तिचा हात जड आहे.

निघताना तिनं टेकडीकडं तोंड करून हात जोडले. मला वाटलं, निरोप घेतेय. तर म्हणते कशी, देवाले नवं सांगितलं. हिले बसता येऊ दे.

सगळं बदललं असं मी सांगणार नाही, कारण बदललेलं नाही. ते चार किलो यथावकाश गेले, उन्हाळ्यात त्यांतले दोन परत आले, पावसाळ्यात पुन्हा गेले. मी ते आता कुणाला सांगत नाही, स्वतःलाही फार सांगत नाही. चालते, कारण चालायला मला आवडतं. पाय उचलता येतात याचा आनंद ज्याचे पाय कधी अडले त्यालाच ठाऊक. पण चालणं वेगळं आणि पळणं वेगळं, आणि आपण त्यांतलं काय करतोय हे अजून दर वेळी मला कळतंच असं नाही. यंदाचं पहिलं संत्रं मी खुर्चीत बसून सोललं. शेवटच्या दोन फोडी उभ्यानं खाल्ल्या. तायडे मॅडमनी परवा तलावावर मला एका जागी पाखरं बघताना पाहिलं आणि तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

ताईचा फोन दुपारी येतो. सगळ्या बहिणी जेवली का विचारतात, तीही विचारायची. त्या दिवसापासून ती बसली का विचारते. मी हो म्हणते. हो म्हणते तेव्हा मी कधी जिन्यात असते, कधी कपाटांच्या मधे, कधी गच्चीवर. वर्षभर मी तिला असंच उभ्या उभ्या हो म्हणत आले, आणि ती बरं म्हणून फोन ठेवत आली.

काल तिनं विचारलं आणि का कुणास ठाऊक, मी नाही म्हणाले. नाही बसली, ताई.

मला वाटलं, आता ती रागावणार.

"मंग बस," ती म्हणाली. "मी थांबतो."

वाचनालयात कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढली आणि बसले, आणि बसले असं तिला सांगितलं. तिनं फोन ठेवला नाही. तिकडं वावरातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता, मधेच कुणाची तरी हाक आली आणि अर्धीच तुटली, तिनं हातानं थांबवलं असावं. माझा गुडघा हलत होता. मी त्यावर हात ठेवला. आम्ही दोघी काहीही बोललो नाही, आणि ती थांबली होती.